विद्यारंभ कोणाचा?

गेल्या विजयादशमीला आमच्या वस्तीत एका चार वर्षांच्या मुलीचा 'विद्यारंभ' झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेची तिथी म्हणून दिवस निवडला होता. टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. त्रिसरण-पंचशील झाले. मग ताटात तांदूळ पसरून मुलीच्या बोटाने 'श्री' काढायचे ठरले. "सर, तुमच्या हातानं होऊ द्या," आजी म्हणाली. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून हा मान. माझा हात थांबला. तो का थांबला, याचा विचार आपण केला पाहिजे.

हिंदू धर्मशास्त्रात शिक्षणाची सुरुवात करणारा मूळ संस्कार उपनयनाचा. मनुस्मृतीने त्याची वये ठरवून दिली आहेत: ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे, वैश्याला बारावे, आणि ही वर्षे गर्भापासून मोजायची. शूद्राला वयच नाही. स्त्रीला विवाह हेच उपनयन. अतिशूद्र तर हिशेबातच नाहीत. दार उघडण्याच्या विधीतच ते कोणाला बंद आहे, हे लिहून ठेवलेले आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. विद्यारंभ हा उपनयनाहून वेगळा विधी. पाटीवर सरस्वती काढायला जातीची अट नाही. मग विरोध कशाला? महामहोपाध्याय काणे यांनीच धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवले आहे की, विद्यारंभ प्राचीन गृह्यसूत्रांत नाही. तो नंतरच्या ग्रंथांत येतो. म्हणजे वेद मुखोद्गत करण्याला संस्कार होता, अक्षराला उशिरापर्यंत नव्हता. उलट सातव्या शतकातला बौद्ध प्रवासी इत्सिंग सांगतो की, येथील मुले सहाव्या वर्षी 'सिद्धम्'ची अक्षरे शिकू लागत. आपण मराठीत आरंभाला 'ओनामा' म्हणतो, तोही 'ॐ नमः सिद्धम्' मधला. जैन-बौद्ध विद्याभ्यासाशी या शब्दाचे नाते आहे.

तरीही अक्षर आमच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा सरकारी असूनही दार उघडले नाही. तेथे जात विचारली गेली, विद्यारंभ झाला की नाही हे कोणी विचारले नाही.

माझा विद्यारंभ तांदळात झाला नाही. आईने शाळेत नेले. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितले. बोटे कानाला लागली. जन्मतारीख घरी कोणालाच ठाऊक नव्हती. गुरुजींनी १ जून लिहिली. आमच्यातल्या कितीतरी जणांचा जन्म कागदावर १ जूनलाच झाला आहे. एकीकडे गर्भापासून वर्षे मोजणारी संस्कृती, दुसरीकडे जन्मदिवसाची नोंदही नसलेली माणसे. पण रजिस्टरातल्या त्या एका ओळीने मला जे दिले, ते कोणत्या मंत्राने दिले असते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. त्या मुलाला वेगळे, तरटावर बसावे लागले; पण नाव लागले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस मानला जातो. आपला विद्यारंभ शोधायचा तर तो तेथे आहे.

तसबिरी बदलल्याने संस्कार बदलत नाही. 'श्री'पासून सुरू झालेली विद्या देवतेचे वरदान ठरते, आणि वरदान देणारा ते नाकारूही शकतो. आपल्या पूर्वजांना ते नाकारले गेले, याचा विसर आपल्याला कसा पडतो? विद्या हा आपला हक्क आहे, आणि तो भांडून मिळवलेला आहे.

त्या दिवशी आजी डोळे पुसत होती. ती अजून अंगठा उठवते. तिच्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मी मुलीचे बोट धरले आणि तांदळात तिचे स्वतःचे नाव काढले. मग तिच्या वडिलांना विचारले, शाळेत नाव कधी घालणार? कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हाच प्रश्न घरोघर विचारावा. नाव लागले का, आणि लागलेले नाव दहावीपर्यंत टिकले का? या कामाला मुहूर्त लागत नाही.