स्त्रियांसाठी लिहिलेल्या इस्लामी आचारग्रंथांचे प्रामाण्य : ‘बिहिश्ती ज़ेवर’च्या निमित्ताने

मुसलमान स्त्रियांना धर्माचार शिकविण्यासाठी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा उपयोग अभ्यासक सामान्यतः दोन रीतींनी करतात. कोणी त्यांतील वचने इस्लामची आज्ञा म्हणून उद्धृत करतो, तर कोणी त्यांतील वर्णने तत्कालीन स्त्रीजीवनाची साक्ष म्हणून पुढे मांडतो. ग्रंथ विश्वसनीय आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. तो कोणत्या बाबतीत विश्वसनीय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांचा ‘बिहिश्ती ज़ेवर’ हा ग्रंथ या प्रश्नाच्या कसोटीस लावून पाहण्याजोगा आहे.

देवबंदच्या परंपरेत तयार झालेल्या थानवींनी उत्तर हिंदुस्थानातील थाना भवन येथून विसाव्या शतकाच्या आरंभी हा दहा भागांचा उर्दू ग्रंथ सिद्ध केला. वर्णमाला आणि पत्रलेखन यांपासून प्रारंभ करून श्रद्धा, नमाज, विवाह व तलाक यांचे नियम, रूढींचे खंडन, सदाचार, पुण्यशील स्त्रियांची चरित्रे, औषधोपचार आणि स्वयंपाकघरातील कृती इथपर्यंत त्याचा विस्तार आहे. नवऱ्या मुलीला हा ग्रंथ भेट देण्याची प्रथा पडावी इतका तो लोकप्रिय झाला. नज़ीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’ (१८६९) या कादंबरीतील सुगृहिणीचा आदर्श आणि थानवींचा आदर्श यांत एक महत्त्वाचा भेद आहे. थानवींना स्त्री केवळ संसारदक्ष नको होती. तिला धर्मशास्त्राचे ज्ञान असावे, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह त्या काळी लहान नव्हता. ग्रंथाची कठोर चिकित्सा करतानाही त्याचा विसर पडता कामा नये.

प्रथम पैगंबरवचनांचा विचार करावा लागतो. हदीसची पारख करण्याचे शास्त्र मुसलमान विद्वानांनीच घडविले. वचन कोणी कोणाकडून ऐकले याची निवेदकपरंपरा, म्हणजे इस्नाद, तपासून ते सबळ, दुर्बळ की बनावट हे ठरविले जाई. परंतु या शास्त्राने स्वतःच एक वाट मोकळी ठेवली होती. विधिनिषेधाच्या बाबतीत दुर्बळ वचन चालत नसे. पुण्याची गोडी लावण्यासाठी किंवा पापाचे भय घालण्यासाठी मात्र अनेक विद्वानांनी ते चालवून घेतले. इब्न हजर (मृत्यू १४४९) यांनी त्यावर तीन अटी घातल्या : वचन फार दुर्बळ नसावे, ते एखाद्या सिद्ध तत्त्वाच्या कक्षेत यावे आणि ते पैगंबरांचेच आहे अशी खात्री बाळगली जाऊ नये. तिसरी अट तर उपदेशाच्या हेतूलाच छेद देणारी आहे. ज्या वचनाच्या खरेपणाची खात्री बाळगावयाची नाही, त्याने भय कसे घालावयाचे? साहजिकच प्रवचनकारांनी अटी विसरून मुभा तेवढी घेतली. स्त्रियांसाठीचे ग्रंथ प्रायः उपदेशाच्या वर्गात मोडत असल्याने ही मुभा त्यांतच सर्वांत अधिक वापरली जाण्याचा संभव असतो.

हा धोका थोरांनाही चुकला नाही. बनावट हदीसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे आणि ‘अहकाम अन्‌-निसा’ हा स्त्रियांविषयीच्या नियमांचा ग्रंथही रचणारे बगदादचे इब्न अल्‌-जौज़ी (मृत्यू १२०१) यांच्या उपदेशपर लेखनात दुर्बळ वचने आढळतात, असा आक्षेप त्यांच्याच परंपरेतील विद्वानांनी घेतलेला आहे. गज़ालींच्या ‘इह्‌या’तील वचनांचा माग काढण्याचे काम अल्‌-इराकी (मृत्यू १४०४) यांना स्वतंत्रपणे हाती घ्यावे लागले, विवाहाच्या आचारधर्मावरील प्रकरण त्याच ‘इह्‌या’त आहे. उलट पक्षी, हज़रत आयेशा यांनी पैगंबरांच्या सहकाऱ्यांच्या निवेदनांत केलेल्या दुरुस्त्या अज़-ज़रकशी (मृत्यू १३९२) यांनी एकत्र संकलित केल्या. समोरून स्त्री, गाढव किंवा कुत्रा गेल्यास नमाज खंडित होते, या निवेदनावरील आयेशांचा आक्षेप सर्वमान्य हदीससंग्रहांतही नोंदलेला आहे. फातिमा मर्निसी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच ग्रंथात याच सामग्रीचा आधार घेतला. तेव्हा ही चिकित्सा बाहेरून आणलेली आहे, असे म्हणणे टिकणारे नाही.

तथापि इस्नाद निर्दोष ठरला म्हणजे ग्रंथ विश्वसनीय ठरला, असेही होत नाही. ‘बिहिश्ती ज़ेवर’च्या चौथ्या भागात पती बेपत्ता झालेल्या स्त्रीविषयी एक छोटे प्रकरण आहे. पती जिवंत आहे की मृत हे कळत नसेल तर पत्नीने दुसरा विवाह करू नये. पतीचे वय नव्वद वर्षे होईल इतका काळ लोटल्यावरच तो मृत मानावा, असा त्याचा आशय आहे. पंचविशीतला नवरा परागंदा झाला तर पत्नीने पासष्ट वर्षे वाट पाहावयाची! हनफी शास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे काहीही चुकीचे नाही. नियम प्रामाणिकपणे उतरविलेला आहे. परंतु नव्वद हा आकडा कुराणातील नाही, पैगंबरवचनातीलही नाही. ‘हिदाया’कार मर्गीनानी (मृत्यू ११९७) हे १२० वर्षांचेही एक मत देतात, शंभराचेही देतात. म्हणजे हा शास्त्रकारांनी बांधलेला अंदाज होय. मालिकी पंथात खलीफा उमर यांच्या निर्णयाचा आधार घेऊन चार वर्षांची प्रतीक्षा व नंतर वैधव्याची इद्दत, एवढेच सांगितलेले आहे.

वाचक स्त्रीला यांतील काहीच कळत नाही. तिच्या हाती एक ‘मसला’ येतो, म्हणजे सुटा, निःसंदिग्ध, मतभेदाचा मागमूस नसलेला नियम. नमाजाच्या नियमात असा संक्षेप सोयीचा असेल. येथे तो एका स्त्रीच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावतो. आचारग्रंथातील खरी उणीव असत्य सांगण्यात नसून, अनेकांपैकी एक मत एकमेव म्हणून सांगण्यात असते. अरबी ग्रंथांशी ताडून पाहणाऱ्या परीक्षकाला ती दिसत नाही, कारण ताळा तर बरोबर जमतो.

या निष्कर्षाचा सर्वांत बलवान पुरावा खुद्द थानवींच्या लेखणीतून आलेला आहे. हनफी पंथाच्या चौकटीत सुटकेचा मार्ग न दिसल्याने पंजाबातील काही स्त्रिया धर्मत्याग करून विवाहबंधन तोडू लागल्या होत्या. १९३०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत थानवींनी ‘अल्‌-हीला अन्‌-नाजिज़ा’ हा ग्रंथ सिद्ध केला. बेपत्ता पतीच्या बाबतीत त्यांनी मालिकी मत स्वीकारले आणि काज़ी नसेल तेथे मुसलमानांच्या पंचायतीने निर्णय द्यावा, अशी तरतूद सुचविली. या विचारमंथनाचा परिणाम १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात उतरला. पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे हे त्यात घटस्फोटाचे एक कारण ठरले, आणि पत्नीच्या केवळ धर्मत्यागाने विवाह आपोआप संपुष्टात येणार नाही, असेही ठरले. न्यायाधीश मुसलमानच असावा, ही उलेमांची अट मात्र कायद्यात राहिली नाही. ज्या लेखकाने नव्वद वर्षे सांगितली त्यानेच पुढे चार वर्षे मान्य केली. याला विसंगती म्हणून हिणविणे सोपे आहे. विद्वानांसाठी लिहिताना जी मुभा त्यांना उपलब्ध होती ती स्त्रियांसाठी लिहिताना त्यांनी उघड केली नव्हती, हे लक्षात घेणे अधिक उपयुक्त होय.

स्त्रीजीवनाची साक्ष म्हणून ग्रंथाचे मोल वेगळ्या रीतीने ठरवावे लागते. ‘स्त्रीने असे वागावे’ या वाक्यावरून स्त्रिया तशा वागत होत्या असे अनुमान काढणे सर्वथा चुकीचे आहे. परंतु सहाव्या भागात, जेथे थानवी रूढींवर तुटून पडतात, तेथे अभ्यासकाला खजिनाच लाभतो. न्हाव्याच्या हाती धाडले जाणारे लग्नाचे पत्र, वधूला उटणे लावून कोपऱ्यात बसवून ठेवण्याचा विधी, देण्याघेण्याची आणि मानपानाची कटकट — निषेध करावयाचा म्हणून प्रत्येक गोष्ट त्यांनी बारकाईने नोंदविली आहे. या रूढींवर स्त्रियांची सत्ता होती, म्हणूनच त्या त्यांना इतक्या खुपल्या. निंदेचा रंग बाजूस सारला तर लेखक येथे उत्तम साक्षीदार ठरतो.

बार्बरा मेटकाफ यांचे सटीप इंग्रजी भाषांतर १९९० साली निघाले. स्त्री-पुरुषांची नैतिक घडण थानवी मुळात एकच मानतात, हे त्यांचे विवेचन मर्मग्राही आहे. पण ते भाषांतर आंशिक आहे. धर्मशास्त्रीय नियमांचा बराचसा भाग त्यात नाही. केवळ त्यावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला रूढींचे प्रकरण वाचावयास मिळेल, बेपत्ता पतीचे मिळणार नाही. मूळ उर्दू प्रत हाती घेणाऱ्यानेही ती कोणत्या आवृत्तीची आहे, आणि त्या प्रकरणाशेजारी नंतरच्या संपादकांनी ‘अल्‌-हीला अन्‌-नाजिज़ा’चा निर्देश केला आहे की नाही, हे प्रथम पाहावे.