खुर्द्याची गणती : मराठी ऐतिहासिक लेखनातील सामान्य स्वार

प्रास्ताविक

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी सांकेतिक पत्रातून समजली, असे परंपरेने सांगितले जाते. त्या पत्राचा आशय सर्वपरिचित आहे. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव. सत्तावीस मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि गणती होऊ न शकलेला रुपये-खुर्दा म्हणजे सामान्य लढवय्ये. या रूपकाच्या हृद्यतेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यात दडलेल्या मूल्यव्यवस्थेकडे आपल्या समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले. मोत्यांना नावे आहेत, मोहरांना निदान संख्या आहे. खुर्द्याला मात्र दोन्ही नाहीत. मराठी ऐतिहासिक लेखनाने पुढील काळात ही गणती करण्याचा प्रयत्न केला काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. विवेचनाच्या सोयीसाठी येथे केवळ घोडदळातील सामान्य स्वार विचारात घेतला आहे.

बारगीर आणि शिलेदार

मराठी घोडदळातील स्वार दोन प्रकारचे होते. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शालेय पुस्तकात हा भेद एका वाक्यात संपतो. वस्तुतः स्वाराच्या संपूर्ण आयुष्याचा अर्थ या भेदात आहे. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे; शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचे भांडवल, प्रतिष्ठा आणि उपजीविका एकाच वेळी संपुष्टात येई. शिलेदार रणात हात राखून लढतो, असा आक्षेप इतिहासकारांनी अनेकदा नोंदविला आहे. तो आक्षेप खरा असला तरी त्यामागे भित्रेपणापेक्षा हिशेब अधिक होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. साहजिकच युद्धाची जोखीम राज्याच्या खांद्यावरून स्वाराच्या घरावर सरकत गेली.

नियमांच्या आडून दिसणारा माणूस

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत घोडदळाची रचना सविस्तर येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांची हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यास कूच, आठ महिने परमुलखात पोट भरणे आणि परतताना सरहद्दीवर झाडा. हाती लागलेला माल मूळ यादीशी ताडून पाहिला जाई व पगारात वळता होई. लष्करात बायको, बटीक वा कलावंतीण नेण्यास मनाई होती. म्हणजे वर्षातील आठ महिने हा माणूस घराला पारखा असे. सभासद हे सर्व व्यवस्थेचा गौरव म्हणून सांगतो. आपण ते एका माणसाचे वर्ष म्हणूनही वाचू शकतो.

याच बखरीतील दुसरा तपशील अधिक महत्त्वाचा आहे. अफझलखानाच्या प्रसंगानंतर पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेण्यात आले, निपुत्रिकांच्या बायकांना अर्धे वेतन देण्यात आले आणि जखमींना जखम पाहून दोनशेपासून पंचवीस होनांपर्यंत रक्कम देण्यात आली. युद्धानंतरच्या आयुष्याची एवढी स्पष्ट दखल मराठी बखरवाङ्मयात फारशी आढळत नाही. मात्र येथेही जखम मोजली गेली, जखमीचे नाव आले नाही.

चिपळूणजवळील छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे शिवाजी महाराजांचे पत्र या संदर्भात अवश्य वाचावे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसात घोडी मरतील, मग स्वार कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, भाकरी, गवत, भाजीपाला उचलू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि वैरणीस आग लागेल, हा इशाराही त्यात आहे. मराठी गद्यातील हा एक श्रेष्ठ नमुना होय. त्यातील स्वार वीर नाही व खलही नाही. तो भुकेला, निष्काळजी, चिलीम ओढणारा, पावसाने कोंडलेला माणूस आहे. पत्र आज्ञेच्या स्वरूपाचे असूनही स्वार त्यात सजीव होतो, कारण लिहिणाऱ्याची दृष्टी छावणीतील वस्तूंवर आहे. कोकणातील पावसाळा अनुभवणाऱ्या वाचकाला त्यासाठी भाष्याची गरज भासू नये.

कादंबरी : उपलब्धी आणि मर्यादा

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने मराठी ऐतिहासिक कादंबरीला भावसमृद्धी दिली. परंतु तिचा केंद्रबिंदू माधवराव-रमाबाई यांचे नाते हा असल्याने स्वार तेथे पार्श्वभूमीपुरताच उरतो. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीत चित्र बदलते. मराठी छावणीची कोंडी, आटत गेलेली रसद, उपासमार यांना तिने कथानकात मध्यवर्ती स्थान दिले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि भूक तेथे बहुधा समूहाची आहे. निर्णय, पश्चात्ताप आणि स्वगत यांचा अधिकार मोत्यांकडे व मोहरांकडेच राहतो. कादंबरी रणांगणाबरोबर संपते आणि वाचलेल्या स्वाराची परतीची वाट वाचकाच्या नजरेआड होते.

या वाटेचे प्रत्यक्ष निवेदन करणारा एक वाटसरू आपल्याला लाभला आहे: तरुण नाना फडणवीस. पानिपतावरून जीव वाचवून आलेल्या नानांनी आपल्या आत्मवृत्तात भीती, पलायन व आईचा वियोग यांची नोंद केली. ती नोंद मौल्यवान आहेच. परंतु ती लेखणी बाळगणाऱ्याची आहे. त्याच मैदानातून निघालेल्या बारगिराने घरी पोहोचल्यावर काय सांगितले असेल, ते त्याच्या ओटीवरच राहिले.

नेसरीचा प्रसंग (फेब्रुवारी १६७४) हे आणखी एक उदाहरण. प्रतापराव गुजरांसमवेत सहा स्वार पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने या सातांना अमर केले. तरीही त्या सहांची नावे निश्चितपणे सांगता येत नाहीत. वर्गात ही कविता शिकविताना ‘बाकीचे सहा कोण?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून हमखास येतो. साहित्यसमीक्षेने हा प्रश्न बालिश समजू नये.

खालापूरची भूमी

हा प्रश्न आपल्या परिसरात विशेष अर्थपूर्ण ठरतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली. चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव मानले जाते. धर्मांतर, काबूलची रवानगी आणि १६७६ मधील पुनरागमन यांमुळे नेताजींच्या युद्धोत्तर आयुष्याला कथा लाभली. त्यांच्या हाताखालील स्वारांना ती लाभली नाही. एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडार्ड खोपोलीहून पनवेलकडे माघार घेत असता मराठी फौजांनी त्याला सतत सतावले आणि त्याचे चारशेहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. इंग्रजांच्या हानीचा आकडा ग्रँट डफच्या इतिहासात सापडतो; त्याच वाटेवर पडलेल्या मराठी स्वारांची अशी मोजदाद आपल्या वाचनात येत नाही. त्याच खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आजही आहे. मोहरेचे स्मारक जलाशयाच्या रूपाने टिकले. खुर्द्याचे स्मारक म्हणून केवळ ती वाट उरली.

युद्धानंतर

१८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत वावरलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी धरणे धरणारे सैनिक दिसतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हजारो स्वारांची चाकरी संपली. काही नव्याने उभारलेल्या पुणे इर्रेग्युलर हॉर्समध्ये गेले. बहुतेकांना गावाकडे, नांगराकडे परतावे लागले. ‘सिलादार’ हे नाव आणि स्वतःच्या घोड्याची पद्धत ब्रिटिश-हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत टिकून होती. म्हणजे राज्य बदलले तरी घोड्याची जोखीम स्वाराच्याच माथी राहिली. हा एवढा मोठा मानवी व्यवहार मराठी ललित साहित्यात जवळजवळ अलिखित आहे.

समारोप

बखर, पत्र आणि हिशेब यांत सामान्य स्वार आज्ञेचा वा जमाखर्चाचा विषय म्हणून येतो; कादंबरी व काव्यात तो समूह वा प्रतीक म्हणून येतो. यांतील पहिले लेखन रुक्ष आणि दुसरे जिवंत, हा आपला रूढ समज तपासून पाहावा लागेल. वैरण, वात आणि उंदीर यांचा विचार करणाऱ्या त्या पत्रात स्वाराचे जेवढे सत्य आहे, तेवढे अनेक शौर्यवर्णनांत नाही. ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन करताना भाषावैभव व व्यक्तिचित्रण यांबरोबरच ‘घोडा मेल्यावर या माणसाचे काय झाले?’ हा निकषही लावला जावा, असे येथे सुचवावेसे वाटते. नावे परत मिळणार नाहीत. पण ज्यांची गणती झाली नाही त्यांना मोजण्यायोग्य मानणे, एवढे तरी साहित्याच्या आणि ते शिकविणाऱ्यांच्या हाती आहे. आपल्या वर्गांत बसणाऱ्या अनेक मुलांचे पूर्वज त्या खुर्द्यातच असण्याची शक्यता अधिक आहे.