यॉर्कटाउनची शरणागती
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील निर्णायक प्रसंगाचे फ्रेंच मुद्राचित्र. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश सैन्याने व्हर्जिनियातील यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टन व रॉशाँबो यांच्या संयुक्त सेनेपुढे शस्त्रे ठेवली. त्याच वर्षाचा निर्देश असलेले हे चित्र पॅरिसमध्ये माँदार याने प्रकाशित केले. त्यात शरणागत फौज दुतर्फा सैन्यरांगांमधून जाताना दिसते; पाठीमागे फ्रेंच आरमार पसरलेले आहे. मातीच्या मोर्च्यांनी वेढलेले तंबाखूच्या व्यापाराचे लहानसे बंदर येथे मात्र दगडी तटांचे यूरोपीय नगर झाले आहे. त्यामुळे स्थळाचा पुरावा म्हणून चित्र ग्राह्य नाही. तथापि समुद्रमार्ग रोखून धरणाऱ्या आपल्या आरमाराचे श्रेय फ्रान्सला कसे पहावयाचे होते, याचा तो अस्सल दस्तऐवज ठरतो.