कृत्रिम अश्रू : वेष्टनावरचा मजकूर काय सांगतो?

उन्हाळ्यात पूर्णा जंक्शनवर गाडीतून उतरले की पहिला त्रास डोळ्यांना होतो. कोरडा वारा, धूळ आणि चाळीस अंशांच्या वर गेलेले तापमान. शिक्षकांच्या वाट्याला त्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. मग आपण औषधाच्या दुकानात जाऊन 'डोळ्यांत घालायला काहीतरी थंड' मागतो आणि हाती आलेली बाटली न वाचता वापरू लागतो. पाठ्यपुस्तकातील धड्याचे आपण परीक्षण करतो. तसेच या बाटलीच्या वेष्टनावरील मजकुराचेही करून पाहू.

पहिला आक्षेप नावावर. 'कृत्रिम अश्रू' म्हटले की अश्रू म्हणजे खारट पाणी आणि थेंब म्हणजे त्याची भरपाई, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. डोळ्यावरील अश्रुपटलात पारपटलालगत श्लेष्मा असतो, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येते व पाण्याचे बाष्पीभवन रोखते. फळ्यावर आपण डोळ्याची आकृती काढतो तेव्हा हे पटल दाखवत नाही. परंतु प्रकाशाचे सर्वाधिक अपवर्तन हवा आणि हे पटल यांच्या सीमेवरच होते. म्हणून पटल फाटले की अक्षरे अंधुक दिसतात आणि पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट होतात. एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. वाचताना किंवा मोबाइल पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होऊ शकते.

थेंबातील मुख्य द्रव्य बहुधा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असते. ही द्रव्ये पाणी धरून ठेवतात. ती दाट असली तर जास्त वेळ टिकतात, पण काही काळ अंधुक दिसते. असे थेंब रात्री बरे. कोरडेपणाचे मूळ तेलग्रंथींत असेल, तर पापण्यांना कोमट शेक आणि त्यांच्या कडांची स्वच्छता यांचा उपयोग अधिक. हा भेद वेष्टन सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची 'एफएफ' प्रमाणे डोळ्यांच्या थेंबांवर परिरक्षकाचे नाव व प्रमाण, तसेच बाटली उघडल्यापासून एका महिन्यात वापरावी ही सूचना छापावी लागते. ती छापलेली असते, पण बारीक अक्षरांत आणि सहसा इंग्रजीत. ठळकपणे लक्षात राहते ती दीड-दोन वर्षांनंतरची मुदत. ती न उघडलेल्या बाटलीची असते! १० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २०० थेंब धरा. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब घातला, तर महिन्यात १२० संपतात. उरलेले ८० टाकून द्यायला हवेत. घरोघरी ते कपाटात राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी डोळ्यांत जातात.

परिरक्षकाची ओळ का वाचायची? बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचे परिरक्षक जंतूंना मारते; पण त्याचा गुणधर्म साबणासारखा असल्याने वारंवार वापरल्यास तेलाचा थर विस्कटतो आणि पारपटलावरील पेशींना इजा होते. म्हणजे कोरडेपणावरचे औषधच कोरडेपणा वाढवू शकते. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील, तर परिरक्षकविरहित थेंब घ्यावेत. मात्र परिरक्षक नाही म्हणजे निर्धोक, असेही नव्हे. २०२३ साली चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेले परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रू अमेरिकेत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या साथीशी जोडले गेले. ८१ रुग्ण आढळले, चौघांचा मृत्यू झाला, काहींची दृष्टी गेली. तेथील औषध प्रशासनाने ठेवलेल्या ठपक्यांत, अनेकदा वापरायच्या बाटलीत पुरेसे परिरक्षक नसणे हाही एक होता. असे थेंब एकदाच वापरायच्या कुपीत किंवा जंतू आत शिरू न देणाऱ्या खास बाटलीत हवेत. बाटलीचे टोक डोळ्याला वा बोटाला लावू नये, हीही सूचना वेष्टनावर असते. ती पाळली जात नाही.

एका वेळी किती थेंब? एकच. डोळ्यात फार तर तीस मायक्रोलिटर द्रव मावतो; एक थेंब त्याहून मोठा असतो. दुसरा गालावर ओघळतो. दुसरे औषध घालायचे असल्यास पाच मिनिटे थांबावे.

एक गोष्ट वेष्टन सांगत नाही, ती दुकानातच विचारावी. 'थंड थेंब' म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत नॅफॅझोलिनसारखे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य असते. लाली तात्पुरती जाते, सवयीने वापरल्यास उलट वाढते. स्टेरॉइड असलेले थेंब तर डॉक्टरांशिवाय मुळीच घेऊ नयेत. त्यांनी काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

शेवटी वर्गाकडे वळू. एखाद्या मुलाचे डोळे कोरडे, निस्तेज दिसत असतील आणि त्याला संध्याकाळी नीट दिसत नसेल, तर ते जीवनसत्त्व 'अ' च्या अभावाचे लक्षण असू शकते. तेथे कोणतीही बाटली उपयोगाची नाही. मुलाला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

एकंदरीत, वेष्टनावर खोटे काही नाही. चुकला आहे तो क्रम. जे प्रथम वाचायला हवे ते शेवटी, आणि आपल्या भाषेत नाही. ही उणीव वर्गात भरून काढता येईल. मुलांना घरातील डोळ्यांच्या थेंबांची रिकामी वेष्टने आणायला सांगा. भिंगाखाली परिरक्षकाचे नाव, महिन्याची सूचना आणि मुदत शोधून मराठीत लिहू द्या. घरी उघडी बाटली असेल, तर ती उघडल्याची तारीख घरच्यांना विचारून बाटलीवर लिहायला सांगा. तारीख आठवत नसेल, तर बाटली टाकून दिलेली बरी.