यंत्र, जात आणि दोन सिद्धान्त

बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली ती १८५३ साली. त्याच वर्षी मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये भाकीत केले, की रेल्वेमागून येणारा आधुनिक उद्योग भारतातल्या जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १९०६च्या हार्वर्ड व्याख्यानांत अशाच खात्रीवर बोट ठेवले. इतिहासाला ठरलेला मुक्काम असतो ही मार्क्सची धारणा हेगेलकडून आलेली. डार्विननंतर ती टिकत नाही, असे त्याचे म्हणणे. माणसे हिशेबापेक्षा सवयीने वागतात. मात्र यंत्राच्या शिस्तीने विचाराच्या सवयी बदलतात, हा भरवसा त्यालाही होताच. पुढे क्लॅरेन्स एअर्सने १९४४मध्ये तंत्रज्ञान गतिमान आणि रूढी अडवणारी, अशी सरळ फाळणीच केली.

ही फाळणी मुंबईच्या गिरणीत, साच्यासमोर, कोलमडते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिच्या धाग्याचे टोक विणकर धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. लँकेशायरमध्ये या प्रकारावर आक्षेप होता तो रोगसंसर्गाचा. इथे त्याचा विटाळ झाला. अस्पृश्य मानलेल्यांना साचेखाते बंद. त्यांची जागा प्रामुख्याने रिंगखात्यात, जिथे मजुरी कमी. तोंड लावणे ही यंत्राचीच गरज होती आणि नेमक्या त्या गरजेत जातीला नवे घर मिळाले. इथे तंत्र कुठे संपते आणि रूढी कुठे सुरू होते, हे एअर्सला सांगता आले नसते.

मार्क्सवादी उत्तर असे, की विटाळाच्या आडून चांगल्या मजुरीची कामे राखली जात होती. ते खरे आहे, पण अपुरे. मालकाला तर जितके जास्त विणकर तितकी मजुरी स्वस्त. मग त्याने दार का उघडले नाही? भरती जॉबरच्या हाती, जॉबर आपल्या गावचे आणि नात्यातले लोक आणणार, आणि खात्यात बिघाड झाला तर उत्पादन बंद. ही साखळी संस्थावादी अधिक नीट दाखवतो. पण ‘सवय’ हा त्याचा शब्द मला फार सोज्वळ वाटतो. त्या सवयीचा पगार कोणाच्या पदरात पडत होता, हे तो शब्द विचारू देत नाही.

१९२८च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी साचेखात्याचा प्रश्न लावून धरला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या या माणसाने १९३६मध्ये जातीला केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी म्हटले. आणि १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला, जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगताना त्यांनी दिलेला दाखला मार्क्सच्या त्या रेल्वेतलाच होता: अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात.