साक्ष आणि सजावट

ख्रिस्ती माणसाने देवाचा गौरव होईल असे जगावे, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. अशा जगण्याविषयी लिहावे कसे, याचा विचार मात्र आमच्या साहित्यात फारसा झालेला दिसत नाही. आमच्या नियतकालिकांतील मृत्युलेख, धर्मग्रामांच्या स्मरणिकांतील चरित्रे, संतांवरील छोटी पुस्तके ओळीने वाचली की त्यांतील पुष्कळशी माणसे एकाच साच्यातून निघाल्यासारखी वाटू लागतात. ती बालपणापासून धार्मिक वृत्तीची असतात, रोज पहाटे मिस्सेला जातात, सर्वांशी गोड बोलतात, दुखणे हसतमुखाने सोसतात आणि अखेरीस प्रभूच्या घरी जातात. वाचक आदराने मान लववतो आणि पान उलटतो. परंतु उद्या सकाळी आपण कसे वागावे, याचा उजेड त्याला त्या पानात सापडत नाही. लिहिणाऱ्याची श्रद्धा खोटी नसते, पण त्याने काढलेले चित्र सजवलेले असते. साक्ष आणि सजावट यांतील हे अंतर समजून घेण्यासाठी आम्ही येथे दोन आत्मकथनांकडे वळणार आहोत. एक आहे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि दुसरे बाळ येशूच्या संत तेरेजाचे ‘एका आत्म्याची कथा’.

प्रश्नाचे मूळ शुभवर्तमानातच आहे. संत मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, म्हणजे ते स्वर्गातील पित्याचा गौरव करतील. लगेच सहाव्या अध्यायात तोच प्रभू बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. सत्कृत्य दिसले तर पाहिजे, पण दाखविता कामा नये. जगताना हा तोल सांभाळणे कठीण आहेच. लिहिताना तो अधिकच कठीण होतो, कारण लिहिणे हे स्वभावतःच दाखविणे आहे. म्हणून आमच्या मते ख्रिस्ती चरित्रलेखनाची कसोटी एकच आहे. वाचकाची नजर लेखकावर किंवा चरित्रनायकावर खिळून राहते, की त्यांना ओलांडून पित्याकडे जाते?

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र सिद्ध करण्याच्या हेतूने त्यांच्या पुत्राने, देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले आणि त्यांतून हा ग्रंथ घडला. म्हणजे मूळ योजना एका थोर ख्रिस्ती पुरुषाचे स्मारक उभारण्याची होती. असे स्मारक बांधताना पत्नीच्या हातून काय घडावे, अशी आपली अपेक्षा असते? पतीचे गुण मोठे करून सांगावेत आणि उणिवा पदराआड झाकाव्यात. लक्ष्मीबाईंनी यातले काहीही केले नाही. टिळकांचा शीघ्रकोपी स्वभाव, सांगितल्यावाचून घर सोडून निघून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे आणि त्यामुळे घरात होणारी ओढाताण हे सारे त्या मोकळेपणाने सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या घटनेने पत्नीच्या संसाराची जी वाताहत झाली, पुढील वियोगाच्या वर्षांत तिने जे भोगले, तेही त्यांनी सौम्य करून सांगितलेले नाही. एका आत्म्याला सत्य गवसले या आनंदाच्या बातमीची दुसऱ्या जीवाने किती किंमत मोजली, याचा इतका प्रांजळ हिशेब मराठी ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच मांडला गेला असेल.

आश्चर्य असे की या सांगण्याने टिळक लहान होत नाहीत. ज्या माणसाचा राग आपण पाहिला, त्याची क्षमायाचना आपल्याला खरी वाटते. ज्याच्या अव्यवहारीपणाने घरातल्या चुलीवर संकट आणले, त्याचे औदार्यही आपण मानतो, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे हे लेखिकेने दाखविलेले असते. आपल्याला संतांची मूर्ती न भेटता एक धडपडणारा माणूस भेटतो, आणि अशा माणसावर देवाने कसे काम केले हे दिसू लागते. गौरव टिळकांचा होत नाही, पित्याचा होतो. आम्ही वर जी कसोटी मांडली, तिला हे पुस्तक येथे पूर्ण उतरते.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेची हकिगतही याच रीतीची आहे. त्यांच्या वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. त्या सोवळ्याने घरातल्या माणसांना किती जाच होई, याचे वर्णन त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच हसतखेळत केले आहे. अशा घरातील मुलगी पुढे ख्रिस्ती पतीकडे परतली तरी काही काळ आपले सोवळे सांभाळूनच राहिली. तिच्या मनातील बदल घडला तो कुठल्या दिव्य दर्शनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, असा साधा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण वाचकाला वाटते की खरे वळण त्याआधी, पाण्याच्या घोटाशीच येऊन गेले आहे. पुढे प्लेगच्या दिवसांत रुग्णांची केलेली शुश्रूषा, घरात आणून वाढविलेली पोरकी मुले, या गोष्टी त्या अशा सांगतात की जणू घरकामाचाच तो एक भाग होता. आपण काही विशेष केले असा सूर कुठेही लागत नाही. मत्तयाच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायांत जो तोल आहे तो येथे विनोदाने साधला आहे. जी स्वतःलाच हसते, तिला स्वतःची आरती ओवाळता येत नाही.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अंतरंगातील प्रार्थनेविषयी लक्ष्मीबाई फार कमी बोलतात. पवित्र संस्कारांच्या आधाराने जगणाऱ्या कॅथलिक वाचकाला येथे आपल्या उपासनाजीवनाचे प्रतिबिंब सापडणार नाही. १९३६ साली लेखिकेच्या निधनामुळे चौथा भाग अपुराच राहिला आणि त्याला पहिल्या भागाचा घट्टपणा नाही. तरीही पंथभेदाचे कारण पुढे करून आम्ही हा ग्रंथ शेजाऱ्याचा म्हणून बाजूला ठेवावा, असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशपत्रात विभक्त बंधूंमधील कृपेचे धन आनंदाने ओळखण्यास सांगितले आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे त्या धनातील मराठी नाणे आहे.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळू. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या आणि तेरेजा १८७३ सालची. म्हणजे दोघी जवळजवळ एकाच पिढीतल्या. एक नाशिक-नगरकडची संसारी स्त्री, दुसरी फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठातली संन्यासिनी. तेरेजाने वरिष्ठांच्या आज्ञेवरून आपल्या आठवणी वह्यांत लिहिल्या. १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले आणि वर्षभराने तिचे पुस्तक दोन हजार प्रतींच्या आवृत्तीने बाहेर पडले. ते जगभर पसरले. १९२५ साली ती संत घोषित झाली आणि १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविण्यात आले. परंतु १८९८ साली वाचकांच्या हाती पडले ते तेरेजाचे मूळ लेखन नव्हते. तिची थोरली बहीण, मठातील मदर आग्नेस, हिने प्रेमापोटी त्यात हजारो ठिकाणी फेरफार केले होते. वाक्ये घासूनपुसून घेतली होती, बोलीतला लाडिकपणा आवरला होता. मूळ वह्या जशाच्या तशा छापल्या गेल्या त्या १९५६ साली. तोवर गुलाब हाती घेतलेली, गोड चेहऱ्याची तेरेजा घराघरांच्या भिंतींवर जाऊन बसली होती.

मदर आग्नेसवर आम्ही दोष ठेवीत नाही. तिच्या खटपटीवाचून पुस्तक निघालेच नसते. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर त्या पुस्तकातील जी स्थळे वाचकाच्या मनात घर करतात, ती सजावटीच्या पलीकडची आहेत. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत विचित्र आवाज करी. वळून तिच्याकडे रागाने पाहावे अशी ऊर्मी आवरताना तेरेजाला घाम फुटे. शेवटी तो आवाज म्हणजे जणू एखादे संगीत आहे असे समजून तिने तोच देवाला वाहिला. कपडे धुताना समोरची भगिनी तिच्या तोंडावर मळके पाणी उडवी आणि ती मागे न सरता तेथेच उभी राही. प्रार्थनेत आपल्याला झोप लागते, हेही तिने सांगून टाकले आहे. आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात स्वर्गाविषयीच तिच्या मनात दाट अंधार दाटून आला होता. ज्या वाचकाच्या घरी सासूचे आणि सुनेचे पटत नाही, ज्याला कुटुंबप्रार्थनेत पेंग येते, ज्याच्या श्रद्धेवर मुलाच्या मृत्यूनंतर सावट आले आहे, त्याला तेरेजाचा ‘छोटा मार्ग’ येथे पायाखाली लागतो. गुलाबांच्या चित्रावरून तो सापडला नसता.

एका संसारी स्त्रीचे आणि एका संन्यासिनीचे लेखन असे एकाच ठिकाणी येऊन मिळते, हा योगायोग नाही. दोघींनीही पवित्रता शोधली ती हंडा, परात, आजारी माणूस आणि नकोसा शेजार यांत. आणि दोघींनीही स्वतःला वाचवून लिहिले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. थोरामोठ्यांच्या उणिवा चव्हाट्यावर मांडल्याने साध्या श्रद्धावंतांची मने दुखावणार नाहीत काय? गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे, ही आपली रीत नाही काय? यावर आमचे उत्तर असे की पवित्र शास्त्राने ही रीत पाळलेली नाही. पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभी राहायची होती, त्याचे सर्वांत लाजिरवाणे कृत्य पहिल्या ख्रिस्ती पिढीने लपवून ठेवले नाही; ते उपासनेत वाचून दाखविले. पौल आणि बर्णबा यांच्यात झालेला तीव्र मतभेद प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेला आहे. त्या पिढीला ठाऊक होते की पेत्राचे रडणे वगळले तर ख्रिस्ताची क्षमाही वगळली जाते.

मात्र प्रांजळपणा आणि निंदा यांची गल्लत होऊ नये. हल्ली आत्मकथनाच्या नावाखाली दुसऱ्यांचे हिशेब चुकते करणारे लेखनही पुष्कळ होते. लक्ष्मीबाई आणि तेरेजा यांनी आधी स्वतःला उघडे केले आणि मग इतरांविषयी लिहिले. तेही अशा मायेने, की वाचून कुणाचा द्वेष वाटत नाही. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. शेजाऱ्याविषयी खोटे वाईट बोलणे ही जशी खोटी साक्ष आहे, तसेच त्याच्याविषयी खोटे चांगले लिहिणे हीसुद्धा खोटी साक्षच आहे, याचा विचार आमच्या लेखकांनी करावयास हवा. एखाद्या बापाने व्यसन सोडण्यासाठी वीस वर्षे झुंज दिली असेल आणि आम्ही मृत्युलेखात केवळ ‘धर्मनिष्ठ’ एवढेच लिहिले, तर आम्ही त्याची झुंज पुसली आणि त्याला बळ देणाऱ्या देवाचे कामही पुसले. अशी गोष्ट लिहावी की नाही, हे त्याच्या घरच्यांच्या संमतीने ठरवावे. संमती नसेल तर मौन पाळावे. पण त्या मौनाच्या जागी कृत्रिम फुले खोवू नयेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या १९६४ च्या संविधानात पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे असे शिकविले. विवाहित, अविवाहित, श्रमिक, रुग्ण, कुणीही त्यातून वगळलेला नाही. २०१५ साली तेरेजाचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, या दांपत्याला एकत्र संतपद मिळाले. लेस विणून घेण्याचा व्यवसाय सांभाळणाऱ्या झेलीच्या पत्रांत धंद्याच्या विवंचना आहेत आणि चिमुरड्या तेरेजाच्या संतापाचे वर्णनही आहे. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी शेजारच्या दारात राहणाऱ्या संतांकडे लक्ष वेधले. शिकवण तर स्पष्ट आहे. ती साहित्यात उतरायची असेल तर आमच्या लेखणीला शेजारचे दार जसे आहे तसे पाहता आले पाहिजे, त्यावरील उडालेल्या रंगासकट.

आमच्या धर्मग्रामांत अशी माणसे आहेत. त्यांच्या आठवणी सांगणारी पिढी थकत चालली आहे. जी मुले आज त्या आठवणी लिहून घेतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की आजीचे भांडण, तिचा हट्ट, तिची थट्टा यांपैकी काहीही गाळू नका. तिच्या हातून देवाचा गौरव झाला असेल तर तो त्यांतूनच झाला असेल.