वाद आणि दर्शकसंख्या : कलगी-तुऱ्यापासून यूट्यूबपर्यंत

वाद हा साहित्यव्यवहारात केवळ मतभेदाचा आविष्कार नसतो. तो श्रोतृवर्ग जमविण्याचे साधनही असतो. महाराष्ट्रातील भेदिक शाहिरीत तुरेवाल्यांनी शिवाचे आणि कलगीवाल्यांनी शक्तीचे श्रेष्ठत्व मांडावे, सवाल टाकावा, जबाब मागावा, हा संकेत रूढ होता. तुर्रा-कलंगीची हीच द्वंद्वात्मकता मेवाडच्या ख्यालात आढळते. बंगालच्या कविगानात ‘चापान’ आणि ‘उतोर’ ही जोडी तेच कार्य करते. झुंज रंगली की गर्दी वाढते, हे या तिन्ही परंपरांना ठाऊक होते.

यूट्यूबवरील चित्रफितींखालच्या प्रतिक्रियांत चालणारे वाद या परंपरेचे आधुनिक रूप मानण्याचा मोह होतो. हे साम्य वरवरचे नाही, परंतु ते पूर्णही नाही. 2012 मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती पाहण्यात किती वेळ घालविला गेला, याला अधिक महत्त्व देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे प्रेक्षकाला खिळवून ठेवणाऱ्या वादाचे मोल वाढले. प्रतिपक्षी आपल्या मुद्द्यासाठी अमुक मिनिट, अमुक सेकंदाचा दाखला देतो. तो पडताळण्यासाठी दुसरा पुन्हा चित्रफितीकडे वळतो. विरोधकच असे संहितेचे सूक्ष्म वाचन करतो आणि त्याच्या प्रत्येक फेरीची भर दर्शनकाळात पडते. जाणूनबुजून ठेवलेली चूक किंवा शीर्षस्थानी खिळविलेली चिथावणीखोर प्रतिक्रिया ही या अर्थाने एक रचनायुक्ती ठरते.

ऑगस्ट 2020 मधील ‘सडक 2’ या हिंदी चित्रपटाच्या झलकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर चित्रपटसृष्टीतील घराणेशाहीविरुद्ध उसळलेला रोष या झलकेवर व्यक्त झाला आणि नापसंतीच्या खुणा एक कोटीच्या वर गेल्या. परंतु नापसंती नोंदविण्यासाठीही प्रेक्षकाला झलकेपर्यंत यावेच लागले. बहिष्काराचे आवाहनच अशा रीतीने प्रसिद्धीचे वाहन बनले. नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा सार्वजनिक दर्शनातून काढून टाकला. दर्शनसंख्या मात्र दिसत राहिली. निषेधाचा आकडा झाकला गेला, निषेधकांच्या उपस्थितीचा आकडा तेवढा उघड राहिला.

जुन्या झुंजींचे आदर्शीकरण करणेही योग्य नव्हे. शाहिराला बिदागी हवी होती. कविगानातील ‘खेउड़’ या प्रकारावर अश्लीलतेचा आक्षेप होताच. तरीही दोन भेद मूलगामी आहेत. पहिला असा, की शाहिरी झुंजीत वाद हीच कलाकृती होती. प्रतिपक्षाने छंदात, तालात आणि त्याच रूपकाच्या चौकटीत उत्तर देणे बंधनकारक असे. म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आधी समजून घेणे भाग पडे. भारतीय वादपरंपरेतील पूर्वपक्षाची शिस्त लोककलेत या वाटेने टिकून राहिली. प्रतिक्रियांतील वादावर असे कोणतेही बंधन नाही. दुसरा भेद समाप्तीचा आहे. जबाब न सुचलेला पक्ष समोर बसलेल्या समुदायाच्या साक्षीने हरत असे. चित्रफितीखालच्या वादात हरणारा कोणी नसतो, कारण निकाल लागला की वर्दळ थांबते. अनिर्णित राहणे हेच तेथे लाभाचे असते.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक गंभीर प्रश्न उद्भवतो. मूल्यनिर्णय नोंदविणे म्हणजे कृतीपासून अंतर राखणे, असे समीक्षाव्यवहाराने गृहीत धरले होते. जेथे प्रतिकूल निर्णयही कृतीच्या प्रसारातच जमा होतो, तेथे या गृहीतकाला तडा जातो. अशा स्थितीत मौन हा एकच परिणामकारक नकार उरतो, असे म्हणता येईल. पण मौनातून समीक्षा उभी राहत नाही. म्हणून ज्या परंपरांनी वादाला उत्तराची सक्ती आणि शेवटाची मर्यादा घातली, त्यांचा तौलनिक अभ्यास केवळ लोकसाहित्याच्या इतिहासापुरता उरत नाही. मतभेद आणि गर्दी यांतील भेद कोणत्या नियमांनी राखता येतो, याची साक्ष त्या परंपरांत आहे.